लाइन चालू आहे

ट्रक आणि मध्यमवर्गीय माणूस यांची ओळख कायम पाठीमागून होते. नाशिक फाट्याहून चाकणकडे निघालं की पुढचं काही दिसत नाही, म्हणून समोरच्या ट्रकच्या पाठीवर जे असेल ते वाचायचं. आईचा आशीर्वाद, गावाचं नाव, मालकाच्या मुलांची नावं जन्माच्या क्रमाने, आणि वाईट नजरेच्या लोकांसाठी एक सूचना. मराठी माणसाचं वाचन कमी झालं म्हणणाऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता हिशेबात धरलेला नाही, असं माझं मत आहे. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्य सरकारने २०१५ साली मनाई केली, कारण त्यामुळे लोक उगाच हॉर्न वाजवतात. मनाईनंतर लोक न वाचताच वाजवू लागले.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल म्हणजे अष्टविनायकांपैकी जे गणपती एका दिवसात बसतील ते, आणि वाटेत मिसळ. यंदा अध्यक्षांच्या जावयाने घात केला. जावई एका ट्रकच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. कारखाना पुण्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात आहे एवढंच सांगतो; नाव कुठे लिहिणार नाही, असं गेटवर सही करून दिलेलं आहे. तिथेच मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर लाल चिकटपट्टी बसली, पायात लोखंडी टोपीचे बूट आले, डोक्यावर हेल्मेट आलं. अध्यक्षांनी गांधी टोपी काढायला नकार दिला. मग हेल्मेट टोपीवरच बसवलं आणि दिवसभर ते अध्यक्षांच्या विचारांपासून चार बोटं उंच राहिलं.

आत जमिनीवर दोन पिवळ्या रेघा होत्या. त्यांच्या मधूनच चालायचं, असं ट्रेनिंगच्या मॅडमनी बजावलं. मॅडम म्हणजे पंचविशीतली मुलगी, पण आवाज असा की कारखाना तिला घाबरून हळू बोलत असावा. आयुष्यभर झेब्रा क्रॉसिंगला नगरपालिकेची रांगोळी समजून तुडवलेले आम्ही पुणेकर त्या दोन रेघांमधून एकामागून एक निमूट चाललो. रेघेपलीकडून फोर्कलिफ्ट दात पुढे काढून येत होत्या, म्हणून असेल.

ट्रक उताणा जन्माला येतो, ही आमची पहिली मिळकत. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे हा सांगाडा, म्हणजे चासी. ती लाइनवर पोट वर करून ठेवतात आणि तशीच असताना पाटे आणि एक्सल चढवतात, कारण एवढं जड लोखंड खालून वर ढकलण्यापेक्षा वरून खाली सोडणं सोपं. मग क्रेन तिला उचलून हवेतच कूस बदलायला लावते आणि सुलटी करून ठेवते. आमच्या माई प्रसूतिगृहात नर्स होत्या. त्यांनी हे सगळं चष्मा सरळ करून पाहिलं आणि निदान केलं, ''पायाळू आहे.''

पुढचं भराभर होतं. हवेच्या टाक्या, ब्रेकच्या नळ्या, वायरींचे झुबके, वरून अलगद उतरणारं इंजिन, मग रंगून-नटून दुसऱ्या लाइनवरून आलेली केबिन, मग चाकं. डिझेलच्या टाकीशेजारी एक छोटी टाकी दिसली. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासून धुरातले विषारी वायू मारायला युरियाचं पाणी वापरावं लागतं, ते या टाकीत. युरिया म्हटल्यावर आमच्यातले शेतीवाले आप्पा पुढे सरसावले.

''ट्रकला युरिया मिळतो?''

''हो सर.''

''लिंकिंगशिवाय?''

मॅडम पुण्यातच वाढलेल्या. खताच्या एका पोत्याबरोबर नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ''चेक करून सांगते'' असं उत्तर दिलं.

आमच्यातल्या भूगोलाच्या बाईंना ट्रकच्या मागचं लिखाण कुठल्या खात्यात करतात ते पाहायचं होतं. ते इथे होत नाही. बहुतेक ट्रक इथून केबिन आणि उघडी चासी एवढेच बाहेर पडतात. हौदा बांधणारे वेगळे, रंगवणारे पेंटर वेगळे, लिंबू-मिरची मालकाची. म्हणजे आपण ज्या बाजूने ट्रकला ओळखतो ती बाजू कारखान्याने कधी पाहिलेलीच नसते.

खरा विषय मिनिटांचा आहे. मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडला. जेवण आणि चहा वजा जाता शिफ्टची समजा ४५० मिनिटं उरली आणि गिऱ्हाइकांना ७५ ट्रक हवेत, तर भागाकार ६. दर सहा मिनिटांनी एक ट्रक बाहेर पडायला हवा, म्हणून लाइनवरच्या प्रत्येकाचं काम सहा मिनिटांत संपायला हवं. याला टॅक्ट टाइम म्हणतात. मागणी ९० वर गेली की पाच मिनिटं. मग माणसं वाढवतात, कामं नव्याने वाटतात, आणि कालपर्यंत आठ बोल्ट आवळणारा आज सहाच आवळतो, पण धापा तेवढ्याच टाकतो.

''भागाकारात बाकी उरली तर?'' आमच्या बँकवाल्या नानांनी विचारलं.

''ती ओटीत जाते, सर.''

या प्रकाराचे मूळ पुरुष हेन्री फोर्ड. डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात त्यांनी १९१३ मध्ये चालती लाइन आणली आणि जी चासी जोडायला बारा तासांवर वेळ लागायचा ती वर्षभरात दीड तासावर आणली. कल्पना शिकागोच्या कत्तलखान्यांतून आली म्हणतात. तिथे जनावर आकड्याला टांगलेलं पुढे सरकायचं आणि प्रत्येक जण आपल्या वाटणीचा तुकडा काढून घ्यायचा. फोर्डच्या माणसांनी ते उलट चालवलं. गाड्या झाल्या, पण माणसं टिकेनात. साधारण १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला त्या एका वर्षात ५२ हजारांवर माणसं घ्यावी लागली. तेव्हा १९१४ च्या जानेवारीत फोर्डने रोज पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. गेटवर इतकी झुंबड उडाली की ऐन थंडीत पाण्याचे फवारे मारून ती पांगवावी लागली. यातला पहिला भाग आपल्याकडे आला आणि रुजला. दुसरा, दुप्पट पगाराचा, बहुधा अजून कस्टममध्ये अडकलेला आहे.

मागच्या एक्सलच्या स्टेजवर मी बराच वेळ थांबलो. तिथे एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा काम करत होता. उजव्या हाताने ट्रेमधून चार नट, डाव्याने चार वॉशर. पाटा एक्सलला जखडणाऱ्या यू-बोल्टच्या टोकांवर ते हाताने दोन-दोन आटे चढवायचे. मग वरून लोंबणारं यंत्र खाली ओढायचं. ते गुरगुरतं आणि हवा तेवढा पीळ बसला की हिरवा दिवा देतं. नट कर्णात आवळायचे, शेजारचे दोन लागोपाठ नाही, नाहीतर पाटा एका अंगाला बसतो. शेवटी खिशातून पिवळा मार्कर काढून नटावरून बोल्टवर एक रेघ मारायची. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला असं समजायचं. हे एका बाजूचं झालं. पलीकडे जाऊन पुन्हा तेच. शिवाय शॉक ॲब्सॉर्बर, शिवाय ब्रेकची नळी. हे सगळं उरकून त्याच्याकडे पंचवीसेक सेकंद उरत. त्यात तो घाम पुसायचा आणि माझ्याशी बोलायचा. त्यामुळे आमचं संभाषण एका ट्रकला एक वाक्य या दराने झालं.

''गाव कुठलं?'' मी विचारलं.

ट्रक.

''लातूरकडं.''

''पर्मनंट आहेस का?''

ट्रक. या ट्रकला तो नुसताच हसला.

''कंटाळा नाही येत?''

ट्रक.

''पहिला महिना येतोय काका. मग हात हितं राहतेत अन् डोकं गावाकडं जातंय.''

''डोकं गावाला गेलं आणि एखादा नट राहिला तर?''

ट्रक.

''राहत नाही. हे मशीन मोजतंय. कमी भरले तर गाडी सोडत नाही.''

पुढचा प्रश्न मला सुचला होता, पण मॅडमनी हाक मारली, आणि उत्तरासाठी आणखी सहा मिनिटं काढण्याइतका मी मोकळा नव्हतो. तो मुळीच नव्हता.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. आमच्याकडे वस्तू जागेवर असते आणि माणसं फिरतात. फाइल टेबलावर बसून असते. अर्जदार या टेबलाकडून त्या टेबलाकडे सरकत जातो आणि प्रत्येक जण त्याच्या वाटणीचा तुकडा काढून घेतो. इथे माणूस जागेवर आणि वस्तू फिरते. 'साहेब जागेवर नाहीत' या तीन शब्दांवर आमची खाती पिढ्यान्पिढ्या चालली. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब मंत्रालयात गेलेत, उद्या या. लाइनवर हे वाक्य बोलायची सोयच नाही, कारण ट्रक उद्या यायला तयार नसतो. तो ओरडत नाही, मेमो देत नाही, हजेरीवर लाल शेरा मारत नाही. नुसता येतो. असा वरिष्ठ मला लाभला नाही हे माझ्या पूर्वजांचं पुण्य.

लघवीला जायचं तर हात वर करायचा. मग रिलीव्हर येतो, तुमच्या जागी उभा राहतो, तुमचा पाना त्याच्या हातात गेला की मगच तुम्ही पाय हलवायचा. आमच्या संघातल्या पुरुषांचं वय प्रोस्टेटचं. ही माहिती ऐकून जी शांतता पसरली तशी आमच्या शोकसभेतही नसते.

''आणि रिलीव्हरला लागली तर?'' नानांनी सगळ्यांच्या वतीने विचारलं.

''टीम लीडर उभा राहतो, सर.''

''आणि टीम लीडरला?''

''तो लीडर आहे, सर.''

केबिनच्या लाइनवर मुलीही बऱ्याच होत्या. डॅशबोर्डाच्या पोटात हात घालून वायरींचे गुच्छ जोडायचं काम त्यांच्याकडे. तिथेच एसी बसवतात. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. उत्तम झालं. जूनमध्ये इंजिनाच्या मांडीला मांडी लावून नागपूर गाठणाऱ्या माणसाला तो कधीच मिळायला हवा होता. काही चासी तर केबिनशिवायच निघत. ड्रायव्हर लाकडी फळीवर बसून, तोंडाला गमछा आणि डोळ्याला गॉगल लावून, पाऊस-ऊन अंगावर घेत त्या शेकडो किलोमीटर हाकत न्यायचा. आता एसी आला. तो बसवणारी मुलं मात्र पंख्याखाली आहेत. पंखा पुरुषभर उंच, पण त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो आणि वारा वाटेत उतरतो. एसी गार होतो की नाही हे तपासायला दारं बंद करून केबिनमध्ये बसावं लागतं. सुपरवायझर म्हणाले की या एका कामाला कधी माणूस कमी पडत नाही.

हे सुपरवायझर सोलापूरकडचे, मिशी जाड, बोलणं मोजकं. यांचे वडील टाटांच्या तेल्कोत होते. तेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ चा. त्यानंतर पिंपरी-चिंचवडची लग्नं सोपी झाली. ''मुलगा तेल्कोत आहे'' म्हटलं की मुलीचे वडील पुढचा प्रश्न विचारत नसत. आता ''मुलगा कंपनीत आहे'' म्हटलं की खरे प्रश्न तिथून सुरू होतात: पर्मनंट की ठेक्यावर, ठेका कुणाचा, किती महिन्यांचा. तेल्को उभी करणारे सुमंत मुळगावकर यांची गोष्ट सुपरवायझरनी सांगितली, आणि ती बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. साहेब दुपारी गायब व्हायचे. कुठे जातात कुणाला कळेना. शेवटी उलगडा झाला की ते हायवेवरच्या धाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवतात आणि आपल्या ट्रकला ते काय काय नावं ठेवतात हे ऐकून घेतात. पुढे टाटा सुमोचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलं गेलं. साहेब जागेवर नसण्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव समर्थनीय उदाहरण.

वेल्डिंगच्या यंत्रमानवांच्या कपाळाला, म्हणजे जिथे कपाळ असावं तिथे, कुंकवाचे वाळलेले टिळे होते. खंडेनवमीला पूजा होते. झेंडूचा हार घालायला यंत्रमानव मान खाली घालतो का, हे माईंना विचारायचं होतं. तेवढ्यात दोरीचं प्रकरण झालं.

लाइनच्या कडेने डोक्यावरून एक दोरी गेलेली होती. मॅडमनी तिची माहिती दिली तेव्हा आमचे निम्मे लोक चहाबरोबर काय असेल यावर चर्चा करत होते. दोरीचा कायदा असा. कामगाराला काही चुकलेलं दिसलं की त्याने ती ओढायची. वर बोर्डावर त्या स्टेजचा नंबर पिवळा पेटतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. गाडी जमिनीवरच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत घोळ निस्तरला तर दोरी पुन्हा ओढायची, दिवा विझतो. नाही निस्तरला तर खुणेवर लाइन आपोआप थांबते आणि दिवा लाल होतो. ही रीत जपानची, टोयोटाची. सगळ्यात खालच्या माणसाला सगळं काम थांबवायचा अधिकार, हे तिचं वैशिष्ट्य. आमच्या खात्यातही तो सगळ्यात खालच्या माणसाला होता, फक्त लेखी नव्हता.

आमचे तात्या पीएमटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. इंजिनच्या स्टेजपाशी भूगोलाच्या बाई म्हणाल्या, ''अहो, माई मागे राहिल्या.'' तात्यांचा उजवा हात आपसूक वर गेला, त्याला दोरी लागली, आणि त्यांनी सिंगल बेल दिली.

बोर्ड पिवळा झाला. कुठलीशी गोड परदेशी धून सुरू झाली. लीडर धावला. तेवढ्यात माई आल्या, बाई म्हणाल्या, ''आल्या हो, चला,'' आणि तात्यांनी रीतसर डबल बेल दिली. पहिल्या ओढीला पिवळा दिवा विझला, दुसरीला पुन्हा पेटला. माघारी वळलेला लीडर गर्रकन फिरला. तो पोचेपर्यंत गाडी खुणेवर आली होती. लाइन थांबली, दिवा लाल झाला आणि बोर्डावरचं 'डाउनटाइम' नावाचं घड्याळ सेकंद मोजू लागलं. इंजिन अर्ध्या उंचीवर लोंबत राहिलं.

''कुणी ओढली?'' सुपरवायझर.

''मी,'' तात्या म्हणाले. ''पॅसेंजर मागे होता.''

मिनिटभरात लाइन सुरू झाली. पण लाइन थांबली की कागद सुरू होतो, हे आम्हाला कॅन्टीनमध्ये कळलं. बटाटेवड्यावर हात पडतोय तोच सुपरवायझर क्लिपबोर्ड घेऊन आले. याला व्हाय-व्हाय म्हणतात. गडबड झाली की 'का' असं पाच वेळा विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं. तेही टोयोटाचंच.

''लाइन का थांबली, ते मला माहीत आहे,'' ते म्हणाले. ''दोरी ओढली. तात्या, का ओढली?''

''माई मागे होत्या.''

''मग तोंडानं थांबा म्हणायचं.''

''मागच्या दारातून ओरडलेलं ड्रायव्हरला ऐकू जात नाही.''

'सवय', असं सुपरवायझरनी लिहिलं. ''सवय का लागली?''

''कंडक्टर होतो.''

''कंडक्टर का झालात?''

तात्यांनी वडा खाली ठेवला. ''मला कारखान्यातच जायचं होतं हो. फिटर. एक सरकारी दाखला पाहिजे होता. तो वेळेत मिळाला नाही, भरती संपली. मग पीएमटीची निघाली, तिथं चिकटलो.''

''दाखला का नाही मिळाला?''

''तीनदा गेलो कचेरीत. साहेब जागेवर नव्हते.''

टेबलावरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी चटणीकडे पाहू लागलो.

सुपरवायझरनी 'मूळ कारण' या रकान्यात ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. उपायाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. व्हिजिटर दोरीपासून दोन फूट लांब ठेवावेत असं लिहा, मॅडमनी सुचवलं. ''नाही मॅडम, उपाय मूळ कारणावर लागतो. ऑडिटला विचारतात.'' मग त्यांनी तात्यांना कचेरी कुठली ते विचारलं. तात्यांनी सांगितलं. ते खातं माझं नव्हतं. त्याच इमारतीत होतं, पण वरच्या मजल्यावर. हे मी अध्यक्षांना सांगितलं, नानांना सांगितलं, मॅडमनाही सांगितलं.

'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात सुपरवायझरनी माझा मोबाइल नंबर लिहून घेतला.